१९३०, सायबर क्राइम पोर्टल आणि ‘चक्षू’: पोलिसांच्या नावाने येणाऱ्या फोनपुढे या सेवा किती टिकतात?

खात्यातून पैसे गेल्यावर पहिल्या तासा-दोन तासांत सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा हेल्पलाइन नंबर खरोखर कामाला येतो. पण पैसे जाण्याआधी, ‘मी क्राइम ब्रँचमधून बोलतोय’ म्हणणारा माणूस खरा की खोटा हे ताडून पाहायचं असतं तेव्हा, १९३०, ऑनलाइन तक्रारीचं सायबर क्राइम पोर्टल आणि संशयित फोन कळवण्याची ‘चक्षू’ ही सोय, या तिन्ही सरकारी सेवांकडे सरळ उत्तर नाही. म्हणून रक्कम रोखण्याच्या कामाला आमच्याकडून पाचपैकी चार गुण आणि फोनवरच्या पोलिसाची खातरजमा करण्याच्या सोयीला जेमतेम एक. हा एक गुण जास्त बोचतो, कारण आरटीजीएसने गेलेली रक्कम परत मिळायला महिने लागतात.

आधी हा फोन कोणाला येतो ते पाहू. येतो कोणालाही, पण ज्यांचं नाव एखाद्या सार्वजनिक नोंदवहीत आहे त्यांना गाठणं आणि घाबरवणं सोपं जातं. डॉक्टर, सीए, कंपनीचे संचालक, रेरा एजंट, जीएसटी नोंदणी असलेले दुकानदार, शेतजमिनीचे खातेदार, ही सगळी मंडळी कुठल्या ना कुठल्या उघड यादीत असतात. जीएसटीचंच घ्या. पोर्टलवर लॉगिन न करता नोंदणी क्रमांक टाकला की मालकाचं कायदेशीर नाव, दुकानाचं नाव, नोंदणीची तारीख, धंद्याचा मुख्य पत्ता आणि कोणती विवरणपत्रं कधी भरली हे समोर येतं. तो पंधरा अक्षरी क्रमांक दुकानाच्या पाटीवर लावणं नियमानेच बंधनकारक आहे. त्यातले पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, गोवा ३०) आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा किंवा फर्मचा पॅन. फोनवरच्या माणसाने पॅन अचूक म्हणून दाखवला की अनेकांचे पाय लटपटतात. प्रत्यक्षात त्याने पाटी किंवा एखादं बिल वाचलेलं असू शकतं.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचा नोंदणीकृत पत्ता आणि संचालकांची नावं दिसतात. १०० रुपये भरले की कंपनीने दाखल केलेली कागदपत्रंही पाहता येतात. वैद्यकीय परिषदेच्या नोंदवहीत डॉक्टरचं नाव, नोंदणी क्रमांक, वर्ष, पदवी आणि वडिलांचं नाव असतं. मतदार यादीत वय, घर क्रमांक, वडिलांचं किंवा पतीचं नाव. सातबाऱ्यावर गट क्रमांक, क्षेत्र आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा. तेव्हा ‘तुमची फाइल माझ्यासमोर उघडी आहे’ असं म्हणत कोणी वडिलांचं नाव, घरचा पत्ता आणि कर्ज घडाघडा वाचून दाखवलं, तरी त्यावरून तो पोलीस ठरत नाही. आधार क्रमांक आणि खात्यातली शिल्लक या नोंदींत नसते. आधारचे आकडे कोणी सांगितले तर ते कुठेतरी दिलेल्या झेरॉक्समधून किंवा फुटलेल्या माहितीतून आलेले असतात, आणि शिल्लक तर बहुधा आपणच ‘चौकशीत’ सांगून टाकतो.

मोबाइल नंबर यातल्या बहुतेक ठिकाणी उघड दिसत नाही. तो गूगल मॅप्सवरच्या दुकानाच्या नोंदीतून, व्हिजिटिंग कार्डावरून, जाहिरातीतून जोडला जातो. यावर साधा उपाय आहे. सरकारी नोंदण्यांसाठी एक नंबर आणि एक ईमेल वेगळा ठेवा, तो दुकानाच्या पाटीवर किंवा इंटरनेटवर कुठेच टाकू नका. मग एखाद्या खात्याचं नाव सांगणारा फोन गिऱ्हाइकांना दिलेल्या नंबरवर आला, तर तिथेच शंका घ्यायला जागा मिळते.

फोनचा साचा ठरलेला असतो. आधी कुरिअर कंपनी, टेलिकॉम खातं किंवा बँकेच्या नावाने फोन: पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या नावावरचं सिम दोन तासांत बंद होणार, तुमच्या खात्यातून मनी लाँडरिंग झालं. मग फोन ‘पोलिसांकडे जोडून देतो’ आणि लगेच व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल, मागे अशोकस्तंभ, अंगावर गणवेश. डॉक्टर असेल तर ‘परवाना निलंबित होईल’, संचालक असेल तर ‘कंपनीची खाती गोठवू’, दुकानदार असेल तर ‘बनावट बिलांचा गुन्हा’. नोंदवहीतल्या माहितीचा खरा उपयोग धमकी त्या माणसाच्या मापाची बेतायला होतो. शेवटी ‘पडताळणीसाठी’ सगळी रक्कम एका खात्यात भरायला सांगतात आणि ते खातं रिझर्व्ह बँकेचं असल्याचं भासवतात. रिझर्व्ह बँक सर्वसामान्य माणसांची खाती ठेवत नाही आणि कोणाची रक्कम अशी तपासून परतही करत नाही.

यात फक्त भोळी माणसं सापडतात असं कोणी समजू नये. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाचे वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांना सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी दाखवून ७ कोटी रुपये उकळले गेले. त्यातले सुमारे सव्वापाच कोटी पोलिसांनी परत मिळवले, आणि अशा प्रकरणांत इतकी वसुली विरळाच. राज्यसभेत दिलेल्या आकड्यांनुसार डिजिटल अरेस्ट (व्हिडिओ कॉलवर ‘अटकेत’ असल्याचं भासवून पैसे उकळणं) आणि तत्सम गुन्ह्यांत २०२२ मध्ये ९१ कोटी गेले होते, २०२४ मध्ये १,९३५ कोटी. अंबाल्याच्या एका वयस्कर दांपत्याने खोट्या न्यायालयीन आदेशांबद्दल लिहिल्यावर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबर २०२५ रोजी या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

फोन चालू असतानाच उपयोगी पडतील असे कायद्याचे मुद्दे थोडे आहेत, पण पक्के आहेत. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची अटक भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे अटक आणि तपासाच्या कायद्यात, नाही. अटक करताना कलम ३६ प्रमाणे अधिकाऱ्याच्या नावाची स्पष्ट ओळख दिसली पाहिजे, अटकेचा मेमो बनला पाहिजे आणि त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही हवी. कलम ५८ प्रमाणे २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. कलम ४३ प्रमाणे अपवाद वगळता बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, आणि अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. सर्वांत उपयोगाचं कलम ३५. चौकशीला बोलावण्याची या कलमाखालची नोटीस व्हॉट्सॲपवर बजावता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं आणि जुलैमध्ये त्यात बदल करायला नकार दिला. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफला ‘नोटीस’ म्हणून उत्तर देण्याची गरज नाही. ती फाइल पुसू मात्र नका, पुरावा म्हणून लागते.

आता खातरजमेकडे येऊ, कारण आमची मुख्य तक्रार इथेच आहे. कर खात्यांनी हे काम बऱ्यापैकी केलं आहे. जीएसटी आणि सीमाशुल्क पाहणाऱ्या केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या पत्रांवर, समन्सवर नोव्हेंबर २०१९ पासून एक दस्तऐवज ओळख क्रमांक असतो आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर टाकला की पत्र खरं की खोटं ते कळतं. प्राप्तिकर खात्याची ई-फायलिंगवर अशीच सोय आहे आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही. अंमलबजावणी संचालनालयाच्या (ईडी) समन्सवर क्यूआर कोड आणि पासकोड असतो. तेव्हा जीएसटी किंवा ईडीचं नाव घेणाऱ्याकडून तो क्रमांक मागायचा, फोन ठेवायचा आणि संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तपासायचं. त्याने पाठवलेली लिंक उघडायची नाही.

पोलिसांच्या नोटिशीसाठी देशभर चालणारी अशी एक खिडकी नाही. त्यामुळे आडवाटेने जावं लागतं. समोरच्याकडून पोलीस ठाण्याचं नाव, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष मागा. खऱ्या गुन्ह्याला तो असतोच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांमुळे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावे लागतात, आणि महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ‘प्रकाशित एफआयआर’ या भागात जिल्हा, ठाणं आणि तारीख टाकून शोधता येतं. मर्यादा एकच: लैंगिक गुन्हे, पॉक्सो, दहशतवाद यांसारखे संवेदनशील एफआयआर तिथे नसतात, आणि ठग नेमकं ‘प्रकरण गोपनीय आहे’ म्हणतात. तिथे सापडलं नाही तर ११२ लावा किंवा जवळच्या ठाण्यात जाऊन ठाणे अंमलदाराला विचारा. ज्या नंबरवरून फोन आला त्याच नंबरवर उलट फोन करून खात्री करायची नाही. ‘फोन ठेवलात तर अटक’ ही धमकी याच पायरीवर येते. खरा अधिकारी ठाण्यात येऊन भेटा म्हणतो, फोन चालू ठेवा म्हणत नाही.

सायबर क्राइम पोर्टलवर संशयित शोधण्याची जी सोय सप्टेंबर २०२४ पासून आहे तिथे मोबाइल नंबर, ईमेल, खाते क्रमांक किंवा यूपीआय आयडी टाकून तो आधी तक्रारीत आला आहे का हे पाहता येतं. नंबर सापडला तर प्रश्न मिटला. सापडला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण ही मंडळी सिम आणि खाती सतत बदलतात. पैसे भरायला दिलेला खाते क्रमांक टाकून पाहणं मोबाइल नंबरपेक्षा जास्त कामाचं आहे.

१९३० ची खरी ताकद ती नागरिक आर्थिक सायबर फसवणूक यंत्रणेशी जोडलेली आहे यात आहे. ही यंत्रणा गृह मंत्रालयाच्या भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राने उभारली. २०२१ मध्ये सुरू झाली तेव्हा नंबर १५५२६० होता, पुढे १९३० झाला. फोन राज्य पोलिसांची माणसं घेतात, त्यामुळे महाराष्ट्रात मराठीत बोलता येतं. तक्रार नोंदली की तिकीट थेट तुमच्या बँकेच्या पडद्यावर जातं. बँक पाहते की रक्कम कोणत्या खात्यात गेली, आणि ते तिकीट पुढच्या बँकेकडे सरकतं. तिथे रक्कम शिल्लक असेल तर होल्ड लागतो, म्हणजे ती तिथेच गोठवली जाते. पुढे सरकली असेल तर तिकीट तिसऱ्या, चौथ्या बँकेकडे जातं. रक्कम एटीएममधून, चेकने किंवा क्रिप्टोत बाहेर पडली की साखळी तुटते. पैसे आल्या आल्या ते भाड्याच्या खात्यांत तुकडे करून फिरवले जातात, म्हणून तास मोजावे लागतात. सरकारने संसदेत दिलेला हिशेब असा: जुलै २०२५ पर्यंत या यंत्रणेने १७.८२ लाखांहून अधिक तक्रारींत ५,४८९ कोटी रुपये वाचवले. एकट्या २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम मात्र सुमारे २२,८४५ कोटी होती. उशिरा पोहोचलेल्या तक्रारी या दरीचं एक मोठं कारण आहेत.

फोन लावण्याआधी कागदावर लिहून घ्या: कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यातून, किती, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणाच्या खात्यात, आणि प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे बँकेचा संदर्भ क्रमांक. यूपीआय आणि आयएमपीएसचा क्रमांक १२ अंकी, एनईएफटीचा १६ अक्षरी, आरटीजीएसचा २२ अक्षरी. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोक यूपीआय ॲपचा स्वतःचा ट्रान्झॅक्शन आयडी सांगतात, बँकेचा क्रमांक नाही, आणि तिकीट अडकतं. आरटीजीएसची स्लिप असेल तर क्रमांक त्यावर असतो, नसेल तर शाखेकडून किंवा खात्याच्या उताऱ्यातून घ्या. पाच व्यवहार झाले असतील तर पाचही सांगा. एकच सांगितला तर बाकीच्या चार रकमा फिरत राहतात.

लाइन व्यस्त लागते ही तक्रार रास्त आहे. तेव्हा वाट पाहत बसू नका, दुसऱ्या फोनवरून पोर्टलवर ‘फायनान्शियल फ्रॉड’ या भागात तक्रार टाका. घाईत ‘इतर सायबर गुन्हे’ निवडलं तर रक्कम रोखणाऱ्या यंत्रणेत ती तशी जात नाही. बँकेच्या फसवणूक विभागालाही त्याच वेळी कळवा आणि तक्रार क्रमांक घ्या. १९३० वर नोंदवलं म्हणून बँकेला सांगायची गरज नाही असं नसतं. फोनवर तक्रार झाली की एसएमएसने पोचपावती क्रमांक येतो, आणि तो वापरून २४ तासांच्या आत पोर्टलवर पूर्ण तक्रार भरायची असते. बरेच जण फोनवरच थांबतात आणि तक्रार अर्धी राहते. पोर्टलवरचं घटनेचं वर्णन किमान २०० अक्षरांचं लागतं आणि विशेष चिन्हं टाकली की फॉर्म अडतो, म्हणून मजकूर आधी साध्या वाक्यांत लिहून ठेवा आणि मग चिकटवा.

पुरावे गोळा करताना व्हॉट्सॲपचा नंबर देशाच्या कोडसह टिपा. फोटो आणि नाव बदलता येतं, नंबरचा माग काढता येतो. चॅट एक्स्पोर्ट करा, ब्लॉक नंतर करा. स्क्रीन शेअर केली असेल किंवा दुसऱ्याला फोन हाताळू देणारं ॲप टाकलं असेल तर आधी इंटरनेट बंद करा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला. त्या अवस्थेत त्याच फोनवरून नेटबँकिंग उघडलं तर समोरच्याला सगळं दिसतं.

‘चक्षू’बद्दल थोडक्यात. दूरसंचार खात्याच्या संचार साथी पोर्टलवरची ही सोय मार्च २०२४ मध्ये आली. फसवणुकीचा संशय असलेला फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप इथे कळवायचा. सरकारी अधिकारी असल्याचं भासवणं असा वेगळा प्रकार त्यात आहे. तुमच्या तक्रारीवरून त्या सिमची फेरपडताळणी होते आणि त्यात ते नापास झालं तर कनेक्शन बंद होतं. पैसे गेले असतील तर मात्र इथे वेळ घालवू नका, ते काम चक्षूचं नाही. फोन आला पण फसलो नाही, अशांनी दोन मिनिटं काढून इथे नोंद करावी, कारण पुढच्याला येणारा फोन त्याने अडू शकतो. त्याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत तेही दिसतं आणि अनोळखी सिमची तक्रार करता येते.

अमेरिकेतल्या मराठी डॉक्टरांनाही हाच साचा दिसतो, फक्त गणवेश बदलतो. तिथे डॉक्टरांचा एनपीआय हा ओळख क्रमांक सार्वजनिक नोंदवहीत असतो. तो आणि राज्याचा परवाना क्रमांक सांगून अमली पदार्थविरोधी खात्याचे, म्हणजे डीईएचे, अधिकारी असल्याचं भासवणाऱ्यांबद्दल त्या खात्याने स्वतः इशारे दिले आहेत. खातं फोनवरून दंड मागत नाही, हेही त्यात स्पष्ट आहे.

रक्कम होल्ड झाल्यावरचा टप्पा या सेवेचा सर्वांत संथ भाग आहे. ‘रोखली’ म्हणजे ‘मिळाली’ नव्हे. रक्कम दुसऱ्याच्या खात्यात अडकलेली असते आणि ती सोडवायला सहसा दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करायचा. सोबत पोर्टलची पोचपावती, एफआयआरची प्रत, खात्याचा उतारा आणि कोणत्या बँकेत किती रक्कम होल्ड आहे याची तपास अधिकाऱ्याकडून मिळालेली माहिती जोडायची. गुन्हा कोणत्याही हद्दीतला असला तरी एफआयआर कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवता येतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिलात तर कलम १७३ प्रमाणे तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते, नाहीतर तो नोंदीवर येत नाही. याच काळात ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सुटली आहे, प्रोसेसिंग फी भरा’ असा फोन येऊ शकतो, कारण एकदा पैसे दिलेल्यांचे नंबर या टोळ्या जपून ठेवतात. रक्कम सोडवायला सरकार फी घेत नाही. असा फोन आला की तपास अधिकाऱ्याला कळवा आणि तो नंबर त्याच तक्रारीच्या क्रमांकाला जोडून घ्या.